बघण्यासारखं काही नसलेलं गाव

प्रज्ञा, ये गं, अशी जवळ सरक. शॉमबर्गला राहतेस म्हणून काय झालं, कान तर इकडे आण. आधी रागावून घेते, मग सांगते. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये भेटलीस, गळ्यात पडलीस, 'मावशी, दर रविवारी फोन करीन' म्हणालीस. किती रविवार गेले ते तुझं तुला माहीत. आणि परवा अचानक मेसेज: मावशी, समरमध्ये सिसिलीला जातोय, तू जाऊन आलीस ना, बघण्यासारखी गावं पटकन पाठव. पटकन म्हणे. मावशी म्हणजे काय ट्रॅव्हल कंपनी?

गावं पाठवते, या पत्रातच. पण ती गावं मला ज्या बाईनं दाखवली, तिला वगळून मला ती सांगताच येत नाहीत. पालेर्मो म्हटलं की मला चर्च दिसत नाही, पुढं चालणारी तिची जाड पोटरी दिसते. तेव्हा तीही ऐकून घे.

कॉन्चीबाई म्हणजे माझी विहीण, आपल्या अँजेलाची आई. पूर्ण नाव कॉन्चेत्ता. तू तिला माझ्या सिद्धार्थच्या लग्नात पाहिलं असशील, हिरव्या झग्यातली, सगळ्या पाहुण्यांना बळंच खायला घालणारी. बुटकी, चौकोनी, डोक्यावर हंडा असल्यासारखी ताठ चालायची. मी सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी इथं येऊन टीव्हीवर आणि तिच्यावर शिकले. तिचंही इंग्रजी काही विलायती नव्हतं. दोघींच्या मोडक्या इंग्रजीत आमचं जे जमलं, ते सुनेच्या आणि मुलाच्या सुरेख इंग्रजीत त्यांचं कधी जमलं नाही.

सुरुवातीला मात्र जमलं नव्हतं. माझी नात मित्रा झाली त्या वेळी मी न्यू जर्सीत आयसेलिनला आले तीच डिंक, अळीव, सुंठ घेऊन. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं हे मला कळत नव्हतं असं नाही. पण माहेर इथून चार गल्ल्यांवर, म्हटलं मी काय त्यात मोडता घालणार आहे. घातलाच. एकाच शेगडीवर माझे अळीव आणि तिचं कोंबडीचं पाणी. ती माझं पातेलं मागे सरकवायची, मी तिचं. अँजेला बिचारी दोन्ही प्यायची आणि खोलीत जाऊन रडायची. शेवटी एक दिवस कॉन्चीबाईनं माझ्या पातेल्यात बोट बुडवून चाटलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाली, "हे औषध आहे. औषध सकाळी. माझं जेवण आहे. जेवण दुपारी." तंटा मिटला. वकील व्हायला हवी होती ती.

तिच्या घरी दोन स्वयंपाकघरं. वरचं चकचकीत, दाखवायचं. खालचं बेसमेंटमधलं, खरं. वांगी तळायची तर खाली, मासे तर खालीच. मला ते फार आवडलं. आपण नाही का बोंबील भाजायला गॅरेजमध्ये जात, जॅकेटांना वास लागू नये म्हणून? पण आपलं आपलं, तिचं त्याच्याही पलीकडचं होतं. वासाचं तिला वेडच होतं. पर्समध्ये कायम एक लिंबू, सुरकुतलं की बदलायचं. बोलता बोलता काढून नाकाशी धरायची. मित्राला शाळेत सोडायच्या आधी तिच्या फ्रॉकची कॉलर हुंगायची आणि जरा शंका आली की दारातून परत फिरवून दुसरा फ्रॉक. पोरीला शाळेच्या बसला उशीर व्हायचा. आणि काडेपेटी तर घरात चालायची नाही. मित्राच्या एका वाढदिवसाला माझ्याकडे मी काडी ओढून मेणबत्त्या लावल्या, तर ही केक सोडून ड्राइव्हवेवर जाऊन उभी. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं, मानापानात राहिलं. विहिणीचा राग म्हणजे काय ते तुला माहीत आहे. पुढच्या बुद्धपौर्णिमेला ती घरी आली ती एक लायटर घेऊन, कागदात गुंडाळून, रिबीन लावून. म्हणाली, तुझ्या देवासाठी. मी म्हटलं, कॉन्चीबाई, आमचा देव नाही, गुरू आहे. म्हणाली, मग गुरूसाठी. काडेपेटी वाईट.

तर अशी ही बाई आणि तिचं बेट. मागच्या अंगणात शेंगा सोलताना तिनं मला सगळी सिसिली फिरवली, आम्ही विमानात बसायच्या कितीतरी आधी. मोनरेआले इथल्या चर्चमध्ये शिरलं की आधी काही दिसत नाही, नाणं टाकलं की दिवे लागतात आणि सगळी भिंत सोन्याची होते, म्हणून खिशात सुटं ठेवावं. चेफालूला लोक समुद्र बघतात, खुळे आहेत, तिथं रस्त्याखाली पायऱ्या उतरून जुना धुण्याचा घाट आहे, दगडाच्या कुंड्या, भिंतीतल्या सिंहाच्या तोंडातून पाणी, तो बघावा. सिराकूझाला चर्च जुन्या ग्रीक देवळाच्याच खांबांत बांधलंय, खांब अजून भिंतीत दिसतात. नोतोला सकाळी जाऊ नये, दगड संध्याकाळी मधासारखे होतात. मोदिकाचं चॉकलेट दातांखाली साखरेसारखं कुरकुरतं, ते खराब झालंय असं समजून टाकून देऊ नये. हे बघ, झाली तुझी गावं. लिहून घे हवं तर.

आणि आग्रिजेंतो. तिथली देवळं सांगताना ती शेंगा खाली ठेवायची. ग्रीकांची देवळं, डोंगराच्या कण्यावर ओळीनं उभी. कुणी विचारलं, तुम्ही कुठल्या, की तिचं उत्तर ठरलेलं: आग्रिजेंतो. तिच्या नवऱ्याच्या माणसांनाही तिनं हेच सांगितलेलं, लग्न होऊन न्यू जर्सीला आली तेव्हापासून. खरं म्हणजे तिचं गाव मोंतेझारा, तिथून आत डोंगरात. हे अँजेलाला माहीत होतं, पण नावापुरतं. नवरा होता तेव्हा ती दोघं अधूनमधून सिसिलीला जायची, हॉटेलात उतरायची, गाइड घ्यायची, आपल्याच बेटावर पाहुण्यासारखी फिरून यायची. मोंतेझाराला कधी गेली नाहीत.

मित्रा कॉलेजला जायच्या आधी सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं. सिद्धार्थ, अँजेला, मित्रा आणि आम्ही दोघी आज्या. मित्राची एकच मागणी होती: मला नोन्नाचं घर बघायचंय. नोन्ना म्हणजे त्यांच्याकडे आजी. कॉन्चीबाई म्हणाली, बघू. आपल्याकडे 'बघू'चा जो अर्थ होतो, तोच त्यांच्याकडेही होतो.

पालेर्मोला बाई गाइड झाली. मंडईत हातगाड्यांवर ते लोक ओरडतात ना, अगदी आपल्या औरंगाबादच्या गुलमंडीत आल्यासारखं वाटलं मला. ती पुढं, आम्ही मागं. एका मासेवाल्याशी तिचं भांडण लागलं, त्यानं तिला बाहेरची समजून भाव लावला म्हणून. तिनं त्याला त्यांच्या भाषेत असं काही सुनावलं की शेजारचे दोन गाडेवाले टाळ्या वाजवायला लागले. त्यातल्या एकानं हसत हसत विचारलं, कुठली गं तू. ती म्हणाली, आग्रिजेंतो, आणि झपाझप चालायला लागली. मासा तिथंच राहिला.

मोनरेआलेला तिनं नाणी टाकली, दिवे लागले. चेफालूला मी त्या धुण्याच्या घाटावर उतरले आणि मला हलवेना. थंड पाणी, झिजलेले दगड, जिथं बायकांनी कपडे घासले तिथं खळगे पडलेले. मी हात बुडवला. कॉन्चीबाई माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "इथं सगळ्यांना धुता येत होतं का, कुणास ठाऊक." मला वाटलं, सहज म्हणाली असेल. पण ते मला लागलं. ते वाक्य आपल्या घरातलं आहे गं. हिला कसं सुचलं?

आग्रिजेंतोला आम्ही तिसऱ्या प्रहरी पोचलो. देवळं खरंच तशी होती, तिनं सांगितली तशी. ऊन कलायला लागलं तसे खांब पिवळे, मग केशरी. ती मित्राला एकेक देऊळ दाखवत होती, हे कुणाचं, ते कुणाचं. मित्रानं ऐकून घेतलं, गुणी पोर आहे. मग फोनवर नकाशा काढून म्हणाली, मोंतेझारा इथून अगदी जवळ आहे, उद्या सकाळी जाऊ, मग सिराकूझाला.

कॉन्चीबाई म्हणाली, "तिथं बघण्यासारखं काही नाही."

मी दगडावर बसले होते ती तशीच राहिले. कारण हे वाक्य माझं होतं. सिद्धार्थ नोकरीला लागला तेव्हा म्हणाला, आई, आपण आजोळी जाऊ, मला तुझं गाव दाखव. मी त्याला हेच म्हटलं, याच आवाजात. तिथं बघण्यासारखं काही नाही, त्यापेक्षा अजिंठ्याला जाऊ. गेलो. लेणी दाखवली. लेणी आपलीच आहेत, त्यात खोटं नव्हतं. पण अजिंठ्याआडून मी गाव लपवलं ते लपवलंच.

मित्राला राग आला. ही आपली मुलं राग आला की इंग्रजीतच बोलतात. म्हणाली, "नोन्ना, आर यू अशेम्ड ऑफ युअर ओन होम?"

अँजेला तिच्यावर ओरडली. सिद्धार्थ गाडीची किल्ली शोधायला लागला, जी त्याच्या हातातच होती.  कॉन्चीबाईनं पर्स उघडली, लिंबू काढलं, नाकाशी धरलं, आणि देवळाकडे पाठ करून उभी राहिली. प्रज्ञा, तिचे कान लाल झाले होते. मी तेवढे कान बघितले आणि मान खाली घातली. ज्या प्रश्नानं तिचे कान लाल झाले, तो मला कुणी विचारला नव्हता एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या गच्चीवर नाश्त्याला मी लवकर गेले, तर ती आधीच बसलेली. पुढ्यात बदामाचा बर्फ आणि पाव, हात लावलेला नाही. मी समोर बसले. दोघी देवळं बघत राहिलो. मग माझ्याच तोंडून निघालं. का ते सांगता येत नाही, तिला कमी एकटं वाटावं म्हणून असेल.

मी म्हटलं, कॉन्चीबाई, माझं घर गावात नव्हतं. गावाच्या बाहेर, ओढ्याच्या पलीकडे. वाऱ्याची दिशा बघून आम्हाला तिकडं बसवलेलं, आमच्यावरचं वारं गावावर जाऊ नये म्हणून. माझे आबा मेलेली गुरं ओढायचे. धम्म घेतला आणि त्यांनी ते काम सोडलं, दोर ओढ्यात टाकून आले. पण गावाच्या नाकातून वास गेला नाही. शाळेत मी दाराशी बसायचे. घासून घासून आंघोळ करून जायचे तरी पुढची मुलगी बाही नाकाला लावायची. वास नव्हताच गं. पण मी स्वतःचाच हात हुंगून बघायचे.

हे मी तुझ्या काकांखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. सिद्धार्थला नाही, आणि तुझ्या आईशी तर बोलायचा प्रश्नच नव्हता, ती त्याच दाराशी माझ्या शेजारी बसलेली. सांगितलं ते मोडक्या इंग्रजीत, निम्मे शब्द नव्हते. दोर म्हणजे काय ते हातानं ओढून दाखवलं.

ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "माझा बाप गंधकाच्या खाणीत होता."

मग तिनं सांगितलं. खाली इतकी गरमी की माणसं अंगावर कपडा ठेवत नसत. लहानपणापासून पोरं पाठीवर दगड वाहायची, ती मोठी झाली तरी वाकलेलीच. बाप घरी आला की घराला काडेपेटीसारखा वास यायचा. भाकरीला तोच वास, चादरीला तोच. ती हुशार म्हणून तिला आग्रिजेंतोला मावशीकडे ठेवून नन्सच्या शाळेत घातलं. तिथं ती वर्गात आली की मुली नाकाला रुमाल लावायच्या. एकदा बाप भेटायला आला, खाणीतून थेट, फाटकाशी उभा. मुलींनी विचारलं, तो कोण. ती म्हणाली, गाडीवाला आहे, निरोप द्यायला आलाय. बापानं ते ऐकलं. निरोप दिल्यासारखं केलं आणि निघून गेला.

"नंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही," कॉन्चीबाई म्हणाली. "मीही नाही. आता त्या गावात कुठल्या तोंडानं जाऊ, सुशी?"

 मी तिचा पाव मोडला, बर्फात बुडवला आणि तिच्या हातात दिला. तिनं खाल्ला. खाली सिद्धार्थ व्हॅनमध्ये बॅगा भरत होता. ती उठली, जिना उतरली, पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि त्याला म्हणाली, मोंतेझाराला घे. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, घे.

वाटेत गव्हाची कापलेली रानं, उघडेबोडके डोंगर. मला आपल्याकडचा उन्हाळा आठवत होता. गावाच्या अलीकडे जमीन एकदम पांढुरकी पिवळी झाली. पडक्या गोल भट्ट्या, गंधक वितळवायच्या. एक गंजलेलं फाटक. सभोवती गवताची काडी नाही. कॉन्चीबाईनं काच खाली केली. मला वाटलं आता लिंबू निघणार. नाही काढलं. म्हणाली, "वास गेला की." असं म्हणाली की जणू कुणी तिची वस्तू न विचारता उचलून नेली होती.

गावात वर जाणारी एक गल्ली, एक चर्च, एक बार. निम्म्या दारांवर विकणे आहे अशा पाट्या. तिच्या घराचं छत खाली आलेलं, आत अंजिराचं झाड उगवलेलं. मित्रा फोटो काढायला गेली आणि तिनं स्वतःच फोन खाली घेतला. शहाणी आहे पोर. कॉन्चीबाई उंबऱ्याशी उभी राहिली, आत गेली नाही.

बारपुढे खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. तो इतका वेळ आमच्याकडे बघत होता. शेवटी त्यानं हाक मारून विचारलं. अँजेलानं मला नंतर अर्थ सांगितला, पण मला तेव्हाच कळला होता. आपल्याकडे पारावरचा म्हातारा विचारतो तसंच: कुणाची गं तू?

त्यांच्याकडे प्रत्येक घराला गावानं ठेवलेलं नाव असतं, चिडवायचं. आडनाव कुणी विचारत नाही, ते नाव विचारतात. तिच्या बापाला गाव 'पिवळ्या' म्हणायचं. शाळेतल्या मुलींना ते कुठून तरी कळलं होतं, म्हणजे तिला त्या काय म्हणत असतील ते तू समज.  मुलगी, जावई, नात, विहीण, सगळे तिच्याकडे बघत होते.  मग ती हंडा घेतल्यासारखी ताठ झाली आणि म्हणाली, "पिवळ्याची. धाकटी."

म्हाताऱ्यानं काठी टेकवून उठायला वेळ घेतला. जवळ आला, तिचं तोंड निरखलं. म्हणाला, "तुझा बाप पत्त्यांत चोर होता."

अँजेला दचकली. कॉन्चीबाईचं तोंड उघडंच राहिलं. आणि मग ती भांडायला लागली. माझा बाप चोर नव्हता, तूच चोर, तुझ्या सगळ्या घरात पत्ते लपवायची चाल होती. दोघं हातवारे करत होते, बारवाली बाई बाहेर येऊन मधूनच भर घालत होती. मित्रा दोघांच्या मध्ये उभी, डोळे चमकत होते तिचे, मॉम, व्हॉट डिड ही से, व्हॉट डिड ही से. तिला पणजोबा मिळाला होता, तोही पत्त्यांत चोर. देवळांपुढं तिचा चेहरा असा नव्हता झाला.

निघताना म्हातारा खालच्या आवाजात एक सांगून गेला. पिवळ्या दर रविवारी बारमध्ये सांगायचा म्हणे, माझी पोरगी नन्सकडे शिकते, तिथं देवळांजवळ, तिला माझी गरज पडत नाही. अभिमानानं सांगायचा. कॉन्चीबाईनं हे ऐकलं आणि त्या रिकाम्या गल्लीत भिंतीला हात लावून उभी राहिली. रडली नाही. शरमेचं रडू येत नसतं, ते आतच फिरत राहतं. मित्रानं तिचा हात धरला.

गाडीत बसल्यावर मित्रा माझ्याकडे वळली. "आजी, नेक्स्ट तुझं गाव. प्रॉमिस?" आणि मी, प्रज्ञा, सकाळीच सगळं ओकून बसलेली मी, म्हणाले, बघू. कॉन्चीबाईनं आरशातून माझ्याकडे बघितलं.

परत आल्यावर तिच्यात एकच बदल झाला, पण तो केवढा. कुणीही विचारो, कुठल्या? मोंतेझारा. ते कुठं आलं? गंधकाच्या खाणीपाशी. बाप खाणीत होता. पोस्टमनला सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, ओक ट्री रोडवर माझ्यासोबत भाजी घ्यायला आली तर कोथिंबिरीच्या गड्ड्या तोलणाऱ्या गुजराती बाईला सांगितलं. ती बाई म्हणाली, वेरी नाइस. मीच संकोचून पिशवी घेऊन पुढं झाले. आपण हॉलमध्ये जयभीम मोठ्यानं म्हणतो आणि त्याच संध्याकाळी ग्रोसरीत आवाज खाली आणतो. ते मला तिच्याबरोबर चालताना फार जाणवायचं.

मग ती पडली. कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तिला रिहॅबमध्ये ठेवलं. मी दुपारी जायचे. तिची कवळी काढून ठेवलेली असायची, त्यामुळं ती एकदम लहान दिसायची. त्या दिवशी तिला चालवायला नवीन मुलगा आला, आपल्याकडचा, तरतरीत, गोड बोलणारा. मला बघून मराठीत म्हणाला, मावशी, तुम्ही मराठी का? मला बरं वाटलं. मी विचारलं, तू कुठला रे? म्हणाला, नागपूरचा. नागपुरात कुठं? तर हसला आणि संत्र्यांवर गेला. संत्री, फुटाळा तलाव, सावजी, एकदा याच मावशी. मग म्हणाला, तुम्ही कुठल्या?

कॉन्चीबाई पलंगावर उठून बसली होती. तिला मराठी येत नव्हतं, पण हा प्रश्न तिला कुठल्याही भाषेत कळला असता. तिनं मान माझ्याकडे वळवली आणि वाट बघायला लागली.

मी म्हटलं, औरंगाबादच्या बाजूची. अजिंठा पाहिलास का? पाहायलाच हवा, सकाळी जावं, गर्दी नसते.

तो पोरगा मन लावून ऐकत होता, मान हलवत होता. आता मला वाटतं, त्यालाही माझ्यासारखंच काही झाकायचं असेल. तो आपलाच असेल. आम्ही दोघं समोरासमोर उभं राहून एकमेकांना संत्री आणि लेणी देत होतो, आणि दोघांपैकी एकानं जरी घराचं नाव घेतलं असतं तरी दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

कॉन्चीबाईनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आणि दात नसलेल्या तोंडानं हसायला लागली. हसता हसता ठसका लागला. "दोघं ट्रॅव्हल एजंट," ती म्हणाली. त्या मुलाला काही कळलं नाही, त्यानं तिचा वॉकर पुढं केला. ती उभी राहिली, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, दारातून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेली. पाठमोरी, ताठ, खांदे अजून हसण्यानं हलत होते. मी तिला पाहिलं ते तेवढंच शेवटचं. दुसऱ्या दिवशी पहाटे अँजेलाचा फोन आला.

लोक म्हणतात, हसत गेली, चांगलं मरण. मला तिचं हसणं आठवलं की अजून माझेच कान गरम होतात.

तर प्रज्ञा, सिसिलीला खुशाल जा. पण त्याआधी माझ्याकडे ये. तुझ्या आईनं तुला सांगितलं नसेल, आम्ही दोघींनी तसं ठरवलंच होतं, न बोलता. तुझ्या आजोळचं नाव बोरपिंपळी. बघ, लिहिलं.  ओढा आहे, त्याच्या पलीकडे घर होतं, आता काय उरलंय मला माहीत नाही. मित्राला डिसेंबरमध्ये तिकडं न्यायचंय, आणि एकटीनं त्या ओढ्यापाशी उभं राहायचं माझ्यानं होणार नाही, तूही चल. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नाही, समोर बसून सांगेन. पोरांनाही आण, त्यांनाही ऐकू दे. खोली झाडून ठेवते. या सुट्टीतच ये, उशीर करू नकोस.